हाड म्हटल्यावर येणारं रोही

रोही पाहायला पोरांना नटवून घेऊन जाणारं गाव आमच्या वाशीमशिवाय दुसरं कुठं असेल, असं मला वाटत नाही. पुस्तकात ज्याला नीलगाय म्हणतात ते हे जनावर. आमच्याकडं अख्खा जिल्हा त्याच्या नावानं बोटं मोडतो. सोयाबीन उगवलं की कळपानं येऊन शेंडे खुडून जातं, हरभरा घाट्यावर आला की त्यात लोळतं, आणि त्याच्यापायी माणसं कडाक्याच्या थंडीत वावरात जागलीला बसतात. आणि आम्ही शहाणी पोरं मोतीबागेत जाऊन, जाळीला नाक लावून तेच पाहायचो. खेड्यातून कोर्टाच्या तारखेला आलेली माणसं बागेत डोकावली की हसायची. "हे पाहाले आले का तुमी? आमच्या वावरात चला, फुकट दाखवतो."

मग त्यांच्यातला एखादा सवयीनं ओरडायचा, "हाऽऽड!"

आणि रोही त्याच्याकडं धावत यायचं.

त्या माणसाचं तोंड पाहण्यासाठी आम्ही तासन्‌तास थांबलेलो आहोत. ज्या शब्दानं जन्मभर रोही पळालं, त्याच शब्दानं हे पठ्ठं मान हलवत समोर येऊन उभं राहतंय, जाळीतून जीभ बाहेर काढतंय! बहुतेकजण मागं सरायचे. एक म्हातारा तर "बाहेरचं काही असन बाप्पा" म्हणत हात जोडून निघून गेला होता.

त्याचं नाव बादल. वाशीमात लहानपण गेलेल्या माझ्या वयाच्या कुणालाही नुसतं 'बादल' म्हणा. तो आधी हसेल, मग आजूबाजूला कोण आहे याची पर्वा न करता 'हाऽऽड' असं ओरडून दाखवेल. पुण्याला नोकरीला गेलेले आमचे वर्गमित्र दिवाळीत घरी आले की आईबापाच्या आधी त्याची चौकशी करायचे. मोतीबाग म्हणजे काही राणीचा बाग नव्हता. एका ट्रस्टची जुनी बाग, फाटकावर 'प्राणिसंग्रहालय' अशी भलीमोठी पाटी, आणि आत दोन मोर, खूपसे ससे आणि दिवसभर झोपणारं एक साळिंदर. साळिंदराचा मागचा भागच तेवढा आम्ही पाहिला. पण बादल होता, म्हणून बाग होती.

मला मात्र बादलपेक्षा भुरीबाईबद्दल सांगायचं आहे. कारण बादलला हाड म्हटल्यावर यायला तिनं शिकवलं, आणि तेही नकळत.

भुरीबाई पोहरादेवीकडच्या एका तांड्यातली. लग्नानंतर काही वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. मग नवऱ्याला, म्हणजे प्रेमसिंगला, मोतीबागेत माळ्याचं काम मिळालं आणि तिनं कोयता टांगला तो टांगलाच. बागेच्या फाटकाच्या आत, बादलच्या जाळीशेजारी कडुनिंबाखाली ती टोपली घेऊन बसायची. बोरं, चिंचा, भाजलेल्या शेंगा, आणि हिवाळ्यात हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या. जीभ अशी की भल्याभल्यांची भंबेरी उडावी. माझ्या बाबांना ती म्हणायची, "मास्तर, पोरगी तुमची दिसते, पण अक्कल तिच्या मायची घेतली, बरं झालं." बाबा हसून शेंगा घ्यायचे.

पण तिची एक खोड होती. कुणाला रागावलेलं तिला बघवायचं नाही. बागेत एखाद्या आईनं पोराला चापट मारली की ही लगेच उठून त्याच्या हातावर मूठभर बोरं ठेवायची. "रागावलेल्या जिवाले खायले द्याव, नाही तं राग पोटात बसते," असं तिचं शास्त्र होतं. एकदा माझ्याच आईनं तिला सुनावलं, "मावशी, तुमच्या अशा लाडानं ही पोट्टी मुद्दाम मार खाते." ते खरंही होतं. मी बोरांसाठी बऱ्याचदा मार खाल्लेला आहे.

बादल आला तेव्हा पाडस होता. सोयाबीनच्या सोंगणीत कुणाला तरी सापडला, आई पळून गेली की मेली ते कळलं नाही. टेंपोत घालून त्याला बागेत आणून टाकलं, आणि प्रेमसिंगनं बाटलीनं दूध पाजून जगवलं. तेव्हा तो तांबूस होता, म्हणून त्याचं नाव लाल्या. पुढं नर रोहीचा रंग फिरतो तसा त्याचा फिरला, राखी-निळसर झाला, तेव्हा प्रेमसिंग म्हणाला, "आता लाल्या म्हणाचं तं जग हासन. आता हा बादल." आम्ही पोरांनी फार कालवा केला, पण महिन्याभरात आम्हीही बादलच म्हणू लागलो. त्याच्या खुरांच्या वर पांढरे पट्टे होते, मोजे घातल्यासारखे, आणि पापण्या अशा लांब की आमच्या वर्गातल्या मुली जळायच्या.

तर खेड्यातून आलेली माणसं त्याला पाहून 'हाड' ओरडायची, ते काही कुणी शिकवलेलं नव्हतं. रोही दिसलं की तोंडातून तोच शब्द निघतो. पाडस बिचकायचं, कोपऱ्यात जाऊन थरथरत उभं राहायचं. भुरीबाईला ते कसं बघवावं? ती उठायची, टोपलीतली एक जुडी घेऊन जाळीशी जायची, "ये बापा, ये, काही नाही झालं" म्हणत त्याला खाऊ घालायची. कुणी हाड म्हणालं की जुडी. पुन्हा कुणी हाड म्हणालं की पुन्हा जुडी. मुक्या जनावरानं याचा काय अर्थ लावावा? त्यानं सरळ अर्थ लावला. काही महिन्यांतच हाड ऐकलं की तो कोपऱ्यात पळायच्या ऐवजी भुरीबाईच्या टोपलीकडं पळू लागला.

मग काय, गावाला खेळच मिळाला. पोरं ओरडायची, तो यायचा, पोरं भुरीबाईकडून जुडी घेऊन त्याला चारायची. उन्हाळ्यात हरभरा नसला की बाभळीच्या शेंगा. त्याची खरखरीत जीभ तळहाताला लागली की अंगावर काटा यायचा आणि पुन्हा लावून घ्यावीशी वाटायची. माझ्या लहानपणातलं सगळ्यात मोठं सुख कोणतं म्हणाल तर ते. अजूनही कधी कधी दुकानात बसल्या बसल्या मी तळहात पाहते.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत प्रेमसिंग गेला. बाग त्या वर्षी बंदच होती. भुरीबाई तरी रोज आत जायची, बादलला पाणी दाखवायची, आणि एकटीच हाड म्हणायची. "तेवढंच त्याले वाटते का माणसं हायेत," असं मला म्हणाली होती. तिचा मुलगा गोविंदसिंग चाकणला कंपनीत होता. तो आईला चल म्हणून दर फोनवर सांगायचा. सूनही चांगली होती. पण भुरीबाईचं उत्तर ठरलेलं. "तिथं याले कुठं बांधू? तुह्या गॅलरीत?"

मग मागच्या वर्षी पावसाळ्यानंतर ट्रस्टनं बाग बंद करायचं ठरवलं. प्राणी ठेवायची परवानगी संपली होती, ट्रस्टी म्हातारे झाले होते, त्यांची मुलं परदेशात. मोर, ससे, साळिंदर यांची कुठं कुठं सोय लागली. रोही मात्र कुणी घेईना. ज्याच्या-त्याच्याकडं रोही पुरून उरलेली. शेवटी ठरलं की त्याला जंगलात सोडायचं. त्याच्याच जातीची जनावरं तिथं आहेत, चारा आहे, पाणी आहे. ऐकणाऱ्याला बरंच वाटावं असा निर्णय होता, आणि गावाला बरंच वाटलं. 'बादल आता मोकळा होणार' म्हणून लोकांनी मोबाइलवर फोटो फिरवले. मीही फिरवला.

भुरीबाईला तेवढं बरं वाटलं नाही. मोजणी करायला आलेल्या वनखात्याच्या साहेबाला तिनं गाठलं. "साहेब, हे जनावर हाड म्हटलं का येते. जंगलाच्या बाजूनं वावरं हायेत. तिथं सारे हाडच म्हणतात." साहेब तरुण होता, भला होता. हसला नाही. त्यानं स्वतः हाड म्हणून पाहिलं आणि बादल आला. साहेबानं जाळीतून त्याचं नाक कुरवाळलं. मग म्हणाला, "मावशी, वावरापासून जितकं लांब सोडता येईल तितकं सोडतो. त्याच्यापुढं माझ्या हातात काही नाही." त्याचंही खरं होतं.

त्यानंतरच्या एका दुपारी मी दुकानातून घरी चालले होते. कोर्टाच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, वाटेतच मोतीबाग लागते. फाटकातून भुरीबाईचा आवाज आला. ती ओरडत होती, "हाड! हाड मेल्या! हाड!" तिचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. आत गेले तर ती जाळीच्या आत, बादलसमोर उभी. ओढणीच्या ओच्यात मातीची ढेकळं. हाड म्हणत होती आणि त्याला ढेकूळ मारत होती.

मी धावले. "मावशी, काय चाललंय हे?"

"चूप बस. मधात नोको येऊ. शिकवून राह्यली मी त्याले."

"काय शिकवून राहिलीस?"

"हाड म्हंजे जाय. हाड म्हंजे जाय, इतकंच. साऱ्या दुनियेले समजते, यालेच नाही समजत." आणि तिनं आणखी एक ढेकूळ मारलं. ते बादलच्या खांद्यावर फुटलं.

बादल दचकला. दोन पावलं मागं गेला, कान हलवले, आणि पुन्हा पुढं आला. मान लांब करून त्यानं तिच्या हातात जुडी आहे का ते हुंगलं. त्याला वाटलं असावं, आज म्हातारीला उशीर होतोय. ती मारत होती, तो येत होता. रोज दुपारी तिचा हाच उद्योग चालला होता, हे मला तेव्हा कळलं. "माह्या आवाजानं नाही जात तं तू ओरड," असं ती मला म्हणाली. मी ओरडले. तो माझ्याकडं आला. लहानपणी यायचा तसाच, त्याच डोळ्यांनी. मला ढेकूळ मारवलं नाही. भुरीबाई म्हणाली, "मार वं पोरी, मार. आज मारशीन तं उद्या जगन."

मी मारलं. ते नुसतं ढेकूळ नव्हतं, त्यात खडा होता. त्याच्या डोळ्याच्या वर लागला आणि बारीकशी रक्ताची रेघ आली. या वेळी मात्र बादल आला नाही. तो जाळीच्या पार टोकाला, लहानपणी ज्या कोपऱ्यात थरथरायचा त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला आणि आमच्याकडं पाहू लागला. भुरीबाईनं पुन्हा हाड म्हटलं. तो जागचा हलला नाही. तिनं आणखी एकदा म्हटलं. तरी नाही.

"आलं ध्यानात त्याच्या," मी म्हणाले. "मावशी, शिकला तो."

भुरीबाई त्याच्याकडं पाहत राहिली. त्याचे पाय थरथरत होते, डोळ्यावरून रक्त उतरत होतं. आणि मग जे व्हायला नको होतं तेच झालं. तिनं ओच्यातली ढेकळं खाली टाकली, कडुनिंबाखालच्या टोपलीकडं गेली, त्या वर्षीच्या पहिल्या कोवळ्या हरभऱ्याची जुडी काढली आणि त्याच्यापाशी जाऊन ओढणीनं त्याचा डोळा पुसू लागली. "काही नाही झालं बापा. काही नाही झालं." बादलनं जुडी खाल्ली. इतक्या दिवसांची सगळी शाळा त्या एका जुडीत बुडाली. भुरीबाईलाही ते कळत होतं. ती त्याला चारत होती आणि रडत होती, आणि मला म्हणत होती, "मी काय करू वं रुचिका, माह्यानं नाही होत. माह्यानं नाही होत."

तिच्यानं झालं नाही, आणि माझ्यानंही दुसरा खडा उचलवला नाही. थोड्याच दिवसांत गाडी आली आणि बादलला घेऊन गेली. गाडीत चढवताना तो अडून बसला होता. माणसं मागून ढकलत होती आणि सवयीनं ओरडत होती, "हाड! हाड!" त्यामुळं तो चढायच्या ऐवजी मागं वळून त्यांच्याकडंच येत होता. लोक हसत होते. शेवटी भुरीबाई गाडीच्या पुढच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिथून हाड म्हणाली, तेव्हा तो चढला.

बागेला कुलूप लागलं. भुरीबाईनं टोपली उचलून बसस्टँडच्या भिंतीशी नेली. तिथं खेड्यापाड्याची माणसं येतात. शेंगा देता देता ती प्रत्येकाला विचारायची, "कोणत्या गावचे तुमी? तुमच्याकडं एखादं रोही हाड म्हटलं का येते काय?" माणसांना वाटायचं म्हातारी गंमत करते. "येते ना, अन चहाही मांगते," म्हणून हसायची. तीही हसायची. मला म्हणायची, "कुठंच नाव नाही त्याचं. रमला असन. चार बाया सापडल्या असतीन, म्हातारपणी चंगळ झाली बाबूची." चाकणला जायचंही तिनं मनात आणलं होतं. सुनेसाठी काचेच्या टिकल्यांचं भरतकाम असलेली एक पिशवी शिवायला घेतली होती.

हरभरा पुरता घाट्यावर आला होता तेव्हाची गोष्ट. एके सकाळी मी दुकानाचं शटर वर करते तोच भुरीबाई समोर उभी. टोपली नाही, हातात फक्त एक जुडी. धापा टाकत होती.

"गाडी काढ."

"काय झालं?"

"किन्हीराजाकडचा माणूस आला होता. तिकडं एक रोही निंगालं म्हणे. हाकललं का आंगावर येते. लोक त्याले उलटं रोही म्हणून राह्यले. कोणी म्हणते पिसाळलं, कोणी म्हणते भूत हाय त्याच्यात." तिनं माझा हात धरला. "पिसाळलेल्या जनावराले काय करतात तुले मालूम हाय. चाल. मी साऱ्यायले सांगतो, बापहो, हाड नोका म्हणू. चूप राहा, तो आपला चरन अन जाईन."

मी स्कूटर काढली. वाटभर ती मागं बसून एकच विचारत होती, आणखी किती लांब आहे. मी तिला म्हणाले, "सांगू आपण सगळ्यांना, फाट्यावर पाटीच लावू." ती म्हणाली, "पाटी नोको, माणसं वाचत नाहीत. मी घरोघरी जातो." आणि खरंच गेली असती.

पण आम्हाला घरोघरी जायची वेळ आली नाही. फाट्याच्या अलीकडंच एका वावरात ही गर्दी. मारोतराव नावाच्या शेतकऱ्याचं वावर. उभ्या हरभऱ्याच्या मधोमध जुनी विहीर, तिला कठडा नाही, काठावर घाणेरीची झुडपं वाढलेली. सगळी माणसं विहिरीभोवती होती आणि ओरडत होती. आम्ही काठाशी गेलो.

खाली बादल पोहत होता. एकीकडून आवाज आला की तो तिकडं जायचा, भिंतीला पुढचा एक पाय लावायचा, घसरायचा. मग दुसरीकडून कुणी ओरडलं की वळून तिकडं. माणसांच्या मनात होतं की त्याला पायऱ्यांच्या बाजूला हाकलावं. सगळे चहूबाजूंनी हाड हाड करत होते आणि तो बिचारा सगळ्यांकडं जाऊ पाहत होता. त्याचं तोंड पाण्याच्या जेमतेम वर होतं.

"चूप!" भुरीबाई किंचाळली. "चूप बसा सारे! एकानं बी तोंड उघडू नोका!"

लुगड्यातल्या नाही, घागरा-ओढणीतल्या या अनोळखी म्हातारीकडं सगळे पाहतच राहिले. पण गप्प झाले. पायऱ्यांच्या बाजूला दोऱ्या बांधलेली बाज पाण्यात सोडून दोन माणसं उभी होती. भुरीबाई त्या पायऱ्या उतरून खाली गेली, शेवटच्या ओल्या पायरीवर बसली, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "हाड रे बादल. हाड माह्या बापा. हाड, हाड."

हा शब्द कुणी असा म्हणू शकतं हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. अंगाई म्हणावी तसा ती तो म्हणत होती. बादलनं मान वळवली. आणि सरळ तिच्याकडं आला.

बाजेवर घेऊन, ट्रॅक्टरला दोर बांधून त्याला वर काढलं. हरभऱ्यातच निजवलं. पुढचा एक पाय मोडून लोंबत होता आणि पोट जोरजोरात हलत होतं. वनखात्याची गाडी निघाली आहे, डॉक्टर येतोय, असं कुणीतरी फोनवरून सांगितलं. भुरीबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. डोळ्यावरची माझ्या खड्याची खूण अजून दिसत होती. स्कूटरवरून आणलेली जुडी तिनं त्याच्या तोंडाशी धरली. त्यानं ओठांनी ती ओढून घेतली, दातात धरली. पण चावली नाही. आम्ही वाट पाहत होतो की चावेल. गाडी यायच्या आधीच त्याचं पोट हलायचं थांबलं. जुडी तोंडात तशीच होती.

मारोतराव डोक्याचं पागोटं हातात घेऊन उभा होता. साधा माणूस, हरभऱ्यावर घर चालणारा. त्याला कोण, काय, काहीच माहीत नव्हतं. तो भुरीबाईसमोर उकिडवा बसला.

"बाई, देवाशपथ सांगतो, मी त्याले मारलं नाही. सकाळी आलो तं ते तिकडच्या धुऱ्यावर, त्या बांधाशी, चरून राह्यलं होतं. मी इहिरीच्या इकडं. इथूनच हाड म्हटलं. ते माह्याकडंच पळत निंगालं. मी घाबरलो, आणखी जोरानं ओरडलो. जितका मी ओरडलो तितकं ते जोरात आलं. मधात इहीर हाय हे मले मालूम होतं, त्याले कुठून मालूम?" त्याचे डोळे भरले होते. "मी तं त्याले हाकलून राह्यलो होतो."

भुरीबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तिच्या तोंडची ती तिखट जीभ कुठं गेली होती कोण जाणे.

"तुमचं काही चुकलं नाही भाऊ," ती म्हणाली. "तुमी त्याले बलावलं. तो आला."

मारोतरावला ते कळलं नाही. मी कळू दिलं नाही.

परत येताना तिला घरी सोडते म्हणाले तर बसस्टँडलाच उतरली. सकाळी टाकून गेलेली टोपली शेजारच्या पानटपरीवाल्यानं भिंतीशी सांभाळून ठेवली होती. ती टोपलीमागं जाऊन बसली, पण ओढणीवरची ओल तशीच. मीही तिच्याजवळ बसून राहिले. दुकान उघडायचं मनात नव्हतं.

थोड्या वेळानं कुणाची तरी बकरी आली आणि तिनं टोपलीतल्या जुड्यांत तोंड घातलं. पानटपरीवाला ओरडला, "मावशी, बकरी खाऊन राह्यली ना! हाड म्हण तिले!"

भुरीबाईनं मान वर केली नाही. मग मीच उठले, तोंड उघडलं, आणि तो शब्द माझ्या तोंडातून निघेना. मी नुसत्या टाळ्या वाजवल्या. बकरी काही हलली नाही. टपरीवाला तिकडून 'हाड! हाड!' करतच होता.

"खाऊ दे," भुरीबाई म्हणाली, आणि टोपली तिच्याकडं सरकवली. मग दचकून पुन्हा स्वतःकडं ओढून घेतली.